ढोलीची मागची बाजू

मुलांनो, गडबड थांबवा आणि ऐका. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

एका जंगलात एक टिटवी राहत होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. नदीकाठच्या गोट्यांत, उघड्यावर, ती अंडी घालते. अंडी गोट्यांसारखीच दिसतात. कुंपण नाही, छप्पर नाही. जागा कुणाला ठाऊक नाही, एवढीच तिची तटबंदी. कुणी फिरकलंच, तर टिटवी लांब भलत्याच ठिकाणी जाऊन ओरडते. येणारा तिकडे वळतो आणि फसतो.

पूर्वी त्या जंगलात निरोप कावळा नेत असे. निरोपामागे एक दाणा घेई आणि चोच मिटून जाई. मग वानरराव आले. त्यांनी जुन्या उंबराला ढोल्या पाडल्या आणि जाहीर केलं, "टपाल आता फुकट! ज्याची त्याची स्वतंत्र ढोली. पळसाच्या पानावर लिहा, ढोलीत टाका. माझी पोरं पैलतीरी पोचवतील."

प्रत्येक ढोलीला दार होतं. दारावर लाल मुंग्यांचा पहारा होता. ठरलेली हाक दिल्याशिवाय मुंग्या बाजूला होत नसत. वर एक पाटी होती: 'चाचणी सुरू आहे.' पाटीवर तीन पावसाळ्यांचं शेवाळ चढलं होतं.

कावळ्याचा धंदा बसला.

टिटवीने चार अंडी घातली. पैलतीरावरच्या थोरल्या बहिणीला कळवल्याशिवाय तिला राहवेना.

"अगं, पण जागा कशाला लिहितेस?" टिटवा म्हणाला.

"अहो, अक्का बघायला येणार. ती काय नदीकाठचे सगळे गोटे उलथत बसेल? आणि मुंग्या आहेत की पहाऱ्याला."

तिने चोचीने टोचून लिहिलं: 'अक्का, सपाट खडकाच्या उगवतीला, करवंदीच्या जाळीसमोर.'

अक्काचं उत्तर आलं. पानाच्या पाठीवर मात्र वेगळ्याच अक्षरात मजकूर होता: 'अंडी घातलीत? अभिनंदन! घोरपड आणि मंडळी. आपल्या अंड्यांकडे घरी येऊन जातीने पाहू.'

टिटवी जरा चमकली. पण पान फुकटचं होतं. फुकटच्या पानाच्या पाठीवर काहीबाही असायचंच, असं म्हणून तिने ते टाकून दिलं.

सकाळी ती किडे टिपून परतली, तर घोरपड जिभेने तोंड पुसत बसली होती. अंडी तीनच होती.

"मेले, तुला जागा कुणी सांगितली?"

"तूच की. सपाट खडकाच्या उगवतीला, करवंदीच्या जाळीसमोर. अक्षर छान आहे हो तुझं."

"ढोलीवर मुंग्या आहेत!"

"मुंग्या पुढे आहेत. मी मागून जाते," घोरपड म्हणाली. "बरं, येते. आज पोट भरलंय. बाकीची उद्या."

टिटवी तडक उंबराकडे उडाली. आजवर सगळे पुढूनच रांग लावत आले होते. झाडाला वळसा घालावा, असं कुणालाही वाटलं नव्हतं. टिटवीने घातला.

ढोल्यांना मागची बाजूच नव्हती. साप, मुंगूस आणि रानमांजर तिथे वाचनालयात बसावं तसे शांतपणे बसले होते. एकमेकांना पानं चाळून देत होते.

"मागची बाजू पुढच्या टप्प्यात आहे," वानरराव म्हणाले.

"माझं अंडं गेलं!"

"त्यामुळेच तर आम्हाला त्रुटी कळली. चाचणीत सहभागी झाल्याबद्दल आपले आभार."

"आणि घोरपडीची ती जाहिरात?"

"तुम्ही अंड्यांविषयी लिहिलंत, म्हणून अंड्यांची आवड असलेली मंडळी दिली. हत्तीची जाहिरात तुमच्या काय उपयोगाची?"

"म्हणजे तुम्ही माझं पान वाचलंत!"

"छे छे! मी कुणाचं काही वाचत नाही. पोरं वाचतात. त्यांना कळत काही नाही."

टिटवी रांगेकडे वळून ओरडू लागली. ससा वैतागला. "बाई, फुकटात दार मिळालं. आता मागची बाजूही हवी का?"

"हिचं नेहमीचंच आहे," बेडूक म्हणाला. "मला नाही बुवा भीती. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

मागच्या बाजूला साप त्याचंच पान वाचत होता.

टिटवी गप्प झाली. जंगलात हे पहिल्यांदाच घडत होतं. मग तिने एक नवं पान उचललं आणि सावकाश टोचलं: 'अक्का, तिन्ही अंडी हलवली. आता ती उंबराच्या शेंड्यावर आहेत, वानररावांच्या अंथरुणाखाली. ते उशिरापर्यंत उठत नाहीत.'

ते पान तिने ढोलीत टाकलं. मुंग्यांनी ते शिस्तीत आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता घोरपड सगळं गोत घेऊन उंबरावर चढली. अंथरूण उसकटलं. अंडी सापडेनात, म्हणून जे तोंडाला आलं त्याचा चावा घेतला. ती वानररावांची शेपटी होती.

त्यांची किंकाळी पैलतीरावर अक्काला ऐकू गेली. वानरांची सगळी टोळी धावली आणि घोरपडीच्या गोताला तिने डोंगरापलीकडे पिटाळलं. त्या नदीकाठी घोरपडी पुन्हा दिसल्या नाहीत.

तीन पावसाळे न झालेलं काम दुपारच्या आत झालं. ढोल्यांच्या मागे चिखल लिंपला, त्यावर काटे रोवले. पोरांना वाचायला तेवढी एक खिडकी ठेवली. वानररावांनी शेपटीला पाला बांधून घोषणा केली, "आपली सुरक्षितता हेच आमचं पहिलं कर्तव्य!"

प्राण्यांनी त्यांना हार घातला. सशाला तर गहिवरून आलं.

मग दुसरी घोषणा झाली. "खोटा मजकूर टाकल्याबद्दल टिटवीची ढोली कायमची बंद करण्यात येत आहे."

"शरम वाटायला हवी हिला," बेडूक म्हणाला.

टिटवी तेव्हा गोट्यांत बसून अंडी उबवत होती. पुढे तिन्ही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. टिटवीने एक टपोरा दाणा शोधला आणि कावळ्याला हाक मारली. कावळ्याने निरोप ऐकला, चोच मिटली आणि तो पैलतीराकडे उडाला.

तात्पर्य: मुलांनो, खोटं कधी लिहू नये. खोटं लिहिणाऱ्याची ढोली जाते. खरं लिहिणाऱ्याचं फक्त अंडं जातं.