घोरपडआबांची निरगाठ

एका जंगलात दोर फार होते.

बाळांनो, सरसावून बसा. म्हणजे अठरा पूर्ण झालेली जी बाळं आहेत, तीच. बाकीच्यांनी बाहेर जाऊन खेळा. तुमच्यासाठी सशाची आणि गाजराची गोष्ट वेगळी आहे, ती तुमचे मास्तर सांगतील. मास्तरांना तेवढीच येते.

तर दोर फार होते. पिल्लू जन्मलं की कमरेला दोर. चालायला लागलं की पायाला दोर, नाहीतर पळून जाईल. लग्न झालं की नवरानवरीच्या शेपट्यांना दोर, पाच दिवस, एकवीस गाठी. बांधताना कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दोरांचा सगळा कारभार घोरपडआबांकडे. ते जंगलाच्या ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष. का? तर त्यांच्या खापरपणजोबांच्या कमरेला म्हणे कुणीतरी दोर बांधला, त्यांना कड्यावर भिरकावलं आणि त्या दोराला धरून अख्खी फौज वर चढली. हे आबा प्रत्येक सभेत सांगत. एकदा एका सशानं विचारलं, "आबा, पणजोबांना कुणी विचारलं होतं का, बांधू का म्हणून?"

सशाला आठ दिवस उन्हात उभं केलं.

आबांच्या शाळेत एकच गाठ शिकवत. निरगाठ. जितकी ओढाल तितकी आवळते, सुटायचं नाव घेत नाही. सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की अलगद सुटते ती, अभ्यासातून काढून टाकली होती. "सहज सुटते ती गाठ संस्कारी नव्हे," आबा म्हणत. जंगलातल्या झाडून सगळ्या कात्र्या मंडळाच्या पेटीत कुलूपबंद होत्या. घरात कात्री असली की घर तुटतं म्हणे. दोरानं कुणाचा पाय तुटला तर त्याची नोंद नव्हती.

या जंगलात हौसा नावाची एक वानरीण होती. तिच्यासारखी उडी कुणाची नव्हती. ओढ्यापलीकडच्या जांभळीची शेवटची फांदी, जिथं भले भले वानर डोळे मिटून घेत, तिथं ती एका हातानं लटकायची आणि दुसऱ्या हातानं जांभळं तोडायची. तिचं पोट त्या हातावर होतं. मानही त्या हातावरच होता.

तिचा नवरा झुंबर. स्वभावानं गरीब, आईला भिणारा. लग्नाला दोन वर्षं झालेली.

एका दुपारी हौसा त्याच्या मानेतल्या उवा वेचता वेचता म्हणाली, "अहो, एक सांगू? हसायचं नाही."

"सांग की."

"मला बांधा ना एकदा."

झुंबर फांदीवरून पडता पडता वाचला. "मी काय केलं आता? तू चिडलीस का?"

"चिडले नाही. गंमत म्हणून. लग्नात बांधलं होतं तेव्हा सगळं गाव बघत होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून चीड आली. पण तुम्ही बांधलंत, मला हवं म्हणून बांधलंत, तर मला वाटतं मजा येईल."

"आई काय म्हणेल?"

"आईंना कशाला बोलवायचंय?"

झुंबर बराच वेळ कान खाजवत राहिला. मग लाजला. मग म्हणाला, "मलाही आवडेल बहुतेक. पण मला येत नाही गं."

"शिकून या."

आता शिकायचं कुणाकडे? जंगलात दोराचे जाणकार एकच. झुंबर आबांकडे गेला. "आबा, मला बांधायला शिकायचंय."

"काय बांधायला?" आबांनी जीभ बाहेर काढून विचारलं.

"मोळी," तो म्हणाला. "लाकडाची मोळी."

आबांचा ऊर भरून आला. "हल्लीच्या पोरांना मोळीची भारीच ओढ! परवाच मुंगूस शिकून गेला. त्याच्या आधी उदमांजर. कोण म्हणतं नवी पिढी वाया गेली?" मग त्यांनी शिकवलं. काथ्याचा दोर घ्यायचा, चांगला खरखरीत, म्हणजे घसरत नाही. खालपासून वरपर्यंत वेढे द्यायचे. वर पाय ठेवायचा आणि सगळा जोर लावून ओढायचं. शेवटी निरगाठ. "लाकूड कधी कुरकुरत नाही," आबा म्हणाले. "कुरकुरलं तर आणखी ओढायचं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वडाच्या मागं, दाट पारंब्यांच्या आडोशाला हौसा उभी राहिली आणि झुंबरनं तिचे दोन्ही हात एका जाड पारंबीला बांधले. मनगटापासून दंडापर्यंत. मोळीसारखे. आधी दोघं इतकी हसली की दोर दोनदा हातातून पडला. तिसऱ्यांदा बसला. निरगाठ पडली.

"कसं वाटतंय?" झुंबरनं विचारलं.

"छान," हौसा म्हणाली. गाल लाल झाले होते. "थोडं टोचतंय. पण छान."

तेवढ्यात मंडळाचा टोल वाजला. टोल पडला की घरटी एकानं पळत जायचं. उशीर केला की नाव लिहून घेत.

"दोन मिनिटांत आलो," झुंबर म्हणाला आणि धावला.

त्या दिवशी आबांच्या भाषणाचा विषय होता, 'तरुणांमधला वाढता सैलपणा'. दोन मिनिटांत आबांचं खाकरणंही संपत नसे.

हौसाला आधी मुंग्या आल्या. मुंग्यांचं काय, येतात. मग करंगळी थंड पडली. मग अंगठा हलेना. तिनं हाताकडे पाहिलं, तर तो कुणा परक्याचा हात तिथं अडकवून ठेवल्यासारखा दिसत होता. तिनं गाठ ओढली. गाठ आवळली. ती तिचं कामच करत होती.

"अहो!" ती ओरडली. "पुरे आता! सोडा!"

ज्याला म्हणत होती तो पणजोबांच्या कड्यावर पोचला होता. फौज अजून चढायची होती.

"येऊ का?" झुडपातून आवाज आला.

साळूआत्या होती. म्हातारी साळिंदर, कंदमुळं उकरत आली होती.

"लवकर या आत्या!"

"अगदी जवळ येऊ? तोंड लावू का दोराला?"

"विचारताय काय, माझा हात चाललाय!"

"विचारणारच. आम्हा साळिंदरांच्या अंगावर काटे. न विचारता जवळ गेलो असतो तर आमची जात कधीच संपली असती." बोलता बोलता आत्यानं दात लावले. काथ्या कराकरा तुटला. हौसा मटकन खाली बसली.

"बोटं फाकव बघू. आता मनगट वर उचल."

डावं मनगट उचललं गेलं. उजवं लटकतच राहिलं. उडीचा हात होता तो. हौसाचे डोळे भरले.

झुंबर धापा टाकत आला. तुटलेला दोर बघितला, बायकोचा हात बघितला आणि जो रडायला लागला तो थांबेना.

"मोळी शिकून आलास ना?" आत्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"या हंगामात तुम्ही तेरावे. जंगलात लाकडं कुणी तोडत नाही आणि मोळीचा वर्ग मात्र गच्च भरलेला! तोंड फोडून खरं सांगायची चोरी, मग बायकोला सरपणासारखं बांधता. गाढवा, लाकडाला शिरा नसतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूनं एक शीर जाते. तिच्यावर दोर बसला की हात झोपतो. कधी तासाभरानं उठतो, कधी महिन्यानं. कधी उठतच नाही."

"मग आता?" हौसानं विचारलं.

"वैदूला दाखव, आजच. लाजू नकोस, मोळीचं सांगू नकोस, खरं सांग. आणि हात बरा होईपर्यंत त्याला दोर शिवू द्यायचा नाही. पुन्हा आवळला तर मग जांभळं विसर."

झुंबर म्हणाला, "आम्ही पुन्हा कधी दोराचं नावसुद्धा काढणार नाही."

"मी काढणार," हौसा नाक ओढत म्हणाली. "पण नीट."

आत्या खूश झाली. काट्यांचा खळखळाट करत तिनं मातीत बसकण मारली आणि झुंबरच्याच पायावर एक मऊ सुती दोर गुंडाळून दाखवला. दोर आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. सांध्यावर नाही, दंडाच्या त्या शिरेवर नाही. गळ्याला तर दोर कधीच नाही, गमतीतही नाही. लटकायचं नाही. "उभी होतीस, पाय जमिनीला होते, तेवढी एक अक्कल वापरलीत." गाठ सुरगाठ. प्यायलेलं असताना नाही. आणि बांधणाऱ्यानं हलायचं नाही.

"टोल वाजला तर?"

"वाजू दे. लिहू देत नाव. जिला बांधलंयस तिला सोडून जायचं नाही. दर थोड्या वेळानं विचारायचं, बोटं हलतात का, मुंग्या येतात का. आणि हाताशी कात्री."

"कात्र्या तर मंडळाच्या पेटीत आहेत," झुंबर म्हणाला.

"पेटीचं बूड वाळवीनं खाल्लंय. कुलूप मात्र दणकट आहे."

हौसा विचारात पडली. "पण आत्या, खेळताना माणूस उगाचच नको नको म्हणतं. लटकं. मग खरं नको कसं ओळखायचं?"

"आधी ठरवून ठेवायचं. एक शब्द असा, की तो ऐकला की सगळा रंग जागच्या जागी उतरला पाहिजे. हात आपोआप सुटले पाहिजेत. माझ्याकडे एक आहे. आजवर कधी वाया गेलेला नाही." आत्यानं दोघांच्या कानात तो सांगितला. हात लटकत असूनही हौसा फार मोठ्यानं हसली.

पंधरा दिवस गेले. वैदूच्या तेलानं म्हणा, नशिबानं म्हणा, उजवं मनगट वर उचललं जायला लागलं. अंगठा अजून बधिर होता. आणि तेवढ्यात मंडळाला वडाखाली चावलेला दोर सापडला.

सभा भरली. आबा दगडावर चढले.

"निरगाठ तोडली!" ते गरजले. "माझ्या खापरपणजोबांच्या..."

फौज पुन्हा वर चढली.

हौसानं सगळं खरं सांगितलं. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं. मंडळाच्या म्हाताऱ्यांनी कानांवर पंजे ठेवले आणि बोटांच्या फटीतून नीट ऐकून घेतलं.

"बांधून घेण्याची एवढी हौस ना?" आबा म्हणाले. "मग मंडळ बांधेल. नवराबायकोचे हात, एकवीस दिवस, निरगाठीनं, भर चौकात."

"आबा, हिचा हात जाईल!" झुंबर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो मोठ्या आवाजात बोलला.

"परंपरेपुढे हात काय चीज आहे!"

दोर आला. काथ्याचा, खरखरीत. म्हाताऱ्यांच्या अंगात ओढायचा जोर नव्हता. त्यांच्या अंगात फक्त आज्ञा उरलेली असते. म्हणून ओढायला तरुण उभे केले. मुंगूस आणि त्याची बायको, उदमांजर आणि त्याची बायको, असे सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. मान खाली घालून त्यांनी टोकं धरली. वेढा हौसाच्या उजव्या दंडावर आला. नेमका त्या शिरेवर.

"नको," हौसा म्हणाली.

"नव्या नवऱ्या असंच म्हणतात," मंडळातून कुणीतरी बोललं. "ओढा!"

वेढा आवळायला लागला. करंगळीत मुंग्या आल्या. तिला ओढ्यापलीकडची फांदी दिसली, आणि त्या फांदीवर दुसरंच कुणीतरी लटकलेलं दिसलं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"घोरपडआबा!" ती किंचाळली.

एका क्षणात बाराही जणांच्या हातून दोर गळून पडला.

"काय झालं?" मुंगूस धावत आला. "दुखलं का?"

"बधिर झालं का? बोटं हलव बघू!" उदमांजराची बायको म्हणाली.

सशाच्या कानामागून, मुंगसाच्या काखेतून, कुणाच्या शेपटीच्या झुबक्यातून बारा कात्र्या बाहेर आल्या आणि उन्हात चमकल्या. सगळ्या चौकात कुणाच्याही चेहऱ्यावर कसलाच रंग उरला नव्हता.

साळूआत्या मागच्या बाजूला बसून गंभीरपणे कंद खात होती.

आबा दगडावरून हे सगळं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत?" ते मंडळाला म्हणाले. "नुसतं माझं नाव काढलं आणि अख्खी तरुण पिढी जागच्या जागी थबकली! हा दरारा! हा आदर!" मग त्यांचं लक्ष कात्र्यांकडे गेलं. "पण हे काय?"

"फीत कापायला, आबा," आत्या म्हणाली. "पोरांना तुमच्या नावानं मोळी प्रशिक्षण केंद्र काढायचंय. उद्घाटन तुमच्याच हातून. हा दोर म्हणजेच फीत."

अध्यक्ष आणि फीत समोरासमोर आले की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहेच. आबांनी घसा खाकरला, कात्री घेतली आणि हौसाच्या दंडावरचा दोर स्वतःच्या हातानं कापला. टाळ्या पडल्या. शिक्षेचं कुणाला आठवलं नाही. आबांना तर नाहीच, ते पणजोबांवर आले होते.

दोन पावसाळ्यांनंतरही ते केंद्र गच्च भरलेलं असतं. सुती दोर, सुरगाठ, दाराशी कात्र्यांची टोपली. मोळी आजवर एकही बांधली गेलेली नाही. आणि ओढ्यापलीकडच्या शेवटच्या फांदीवर हौसा पुन्हा उजव्या हातानं लटकते, जांभळं तोडते, आणि खाली उभ्या असलेल्या झुंबरच्या डोक्यावर नेम धरून टाकते.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांचं नाव कायम ओठांवर असू द्यावं, विशेषतः दार लावून घेतल्यावर. मनातला सगळा उत्साह विझवायला तेवढं एक नाव पुरतं. दोर कापायला मात्र कात्रीच लागते, ती जवळ ठेवावी.