घोंगडीखालचा भोपळा

"उमाजीभाऊ, माह्या वेलाचा भोपळा खासान, तं सोयरीकीले नाई म्हनून पाहा!"

मूल गावच्या आठवडी बाजारात सोमाजी ढिवराने सगळ्यांदेखत हा शब्द देऊन टाकला. उमाजी सोमाजीच्या पोरीला, प्रेमिलेला, आपल्या पोरासाठी पाहायला येणार होता.

वेल होताही तसा देखणा! मांडवभर पसरला, फुलला. येणारा-जाणारा टकामका पाही. दृष्ट लागली म्हणजे? पाहुण्यांना बसायला आणलेली कोरी घोंगडी सोमाजीने सरळ वेलावर पांघरली. चारी बाजूंनी गच्च!

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली.

"पाह्य! लागलीच ना दृष्ट!" सोमाजीने वरून मासोळीचं जुनं जाळंही टाकलं. मुळाशी शेणखत ओतलं, मासोळ्या धुतलेलं पाणी घातलं. वेल आणखीच मरगळला.

"अजी, त्याले उघडं तं करा!" बायको देवकाबाई वैतागली.

"तुले काई समजत नाई!"

शेवटी गुणवंतराव मास्तर आले. "सोमाजी, झाड पानात आपला सैपाक करते. उजेड म्हंजे त्याची चूल. चूलच इझली, तं घरात कितीबी तांदूळ भरून ठेव, भात शिजन काय?"

सोमाजीला पटलं. नको तितकं पटलं! मास्तरांची पाठ वळताच त्याने कंदील पेटवून घोंगडीखाली टांगला. दृष्टही नको आणि अंधारही नको!

पाहुण्यांची बैलगाडी दारात आली तेव्हा मांडव धडधडून पेटला होता. शेजारी घागरी घेऊन धावत होते. वेलाचा पार कोळसा झाला.

"काय जळून राह्यलं, बाई?" उमाजीने विचारलं.

"तुमची भाजी," देवकाबाई म्हणाली.

सोमाजीला रडूच कोसळायचं बाकी होतं. पोरीची सोयरीक मोडणार, आणि तीही एका भोपळ्यापायी!

पण पाहुणे जेवायला बसले, तर ताटात भोपळ्याचीच भाजी! उमाजीने ती पुन्हा मागून घेतली.

"मानलं, सोमाजीभाऊ! सोयरीक पक्की! पन वेल तं जळला, मंग हा भोपळा कुठचा?"

"मांगं उकिरड्यावर उन्हात एक वेल आपसूक उगवला," देवकाबाईने सांगितलं.

"असं? त्याची निगा कोनं राखली?"

देवकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"यायनंच. त्याच्याकडं एकडाव ढुंकूनबी पाह्यलं नाई!"