पाठवणीचा टँगो

"भैयाजी, मी लावू का एक तवा?"

नलूने विचारलं आणि मांडवामागे दडलेल्या मैत्रिणींनी हसू दाबायला एकमेकींच्या पाठीत तोंडं खुपसली. पैजच लावली होती त्यांनी. भोंगेवाल्या भैयाजीच्या रेकॉर्डच्या मशीनला अख्ख्या अल्लीपुरात अजून कुठल्या पोरीचा हात लागला नव्हता.

पण भैयाजी कंटाळला होता. नलूच्या थोरल्या बहिणीचा, देवकाताईचा, नवरदेव ओमप्रकाश ट्रान्झिस्टरसाठी मारुतीच्या देवळात रुसून बसलेला. नलूचे बाबा, नानाजी, दोनदा मनवून आले, तिसऱ्यांदा गेले होते. मुहूर्त डोक्यावर आणि बाबांची मान खाली.

"लाव," भैयाजी म्हणाला. "पण बिनाशब्दाचा लावजो. शहनाई ऐकली का लोक वरात पाहाले धावते, भजन ऐकलं का पंगतीले बसते."

नलूने पाकिटावर दिव्यांचा रस्ता असलेला तवा काढला. ब्युनोस आयर्सचा टँगो. हे शहर तिने भूगोलात नुसतं पाठ केलं होतं, आज ते चालताना ऐकू आलं. पेटीसारखं काहीतरी ठसक्यात चार पावलं टाकी, कोपऱ्यावर थबके, मागे वळून बघे. शेणानं सारवलेल्या अंगणात नलूला आपल्या टाचा वाजल्यासारख्या वाटल्या.

तेवढ्यात फिडल रडलं.

अल्लीपुरात फिडल रडलं म्हणजे पाठवणी. भैयाजीने फिडलचा तवा आजवर दुसऱ्या कशाला लावलाच नव्हता. नलूच्या आई सुलोचनाबाई चुलीपासून धावत आल्या आणि नवरी झालेल्या लेकीच्या गळ्यात पडल्या.

"लगन कवा लागलं वो?" एकीने विचारलं.

"आपण वांगे चिरून राह्यलो होतो, तवाच लागलं असन. रड आता."

ताईने हूं की चूं केलं नाही. आज नवरीने तोंड उघडायचं नाही, असं आईनेच बजावलं होतं. मामाने तिला उचलून दमणीत बसवलं, तानबा गाडीवानाने बैल हाकलले. नलू "थांबा, थांबा" करत होती, पण भोंग्यापुढे तिचं कोण ऐकतं. तिने सुई उचलली तोवर दमणी देवळापाशी पोचली होती.

"नानाजी, नवरी कुठं चालली?" नवरदेवाचे वडील रूपराव उभेच राहिले.

नानाजींनाही तोच प्रश्न पडला होता. त्यांनी तोंड उघडलं, शब्द फुटेना. रूपरावांना ती अकड वाटली.

"अबे ओमप्रकाश, ऊठ. दुसरं घर पाह्यलं वाटते यायनं."

ओमप्रकाश बाशिंग हातात धरून अनवाणी दमणीमागे धावला आणि धावता धावता सासऱ्यांना ओरडला, "मामाजी, ट्रान्झिस्टर राहू द्या. पयले बैल थांबवा."

लग्न मुहूर्तावर लागलं.

सगळं आवरल्यावर आईबाबांनी नलूला समोर उभं केलं.

"मशीनले हात काऊन लावला?" बाबांनी रागवायचा प्रयत्न केला, पण मिशीतलं हसू आवरेना.

"बाबा, आई, मी ठरवून टाकलं," नलू म्हणाली. "माह्या लग्नात कोणी रुसला, तं मनवाले जाचं नाई."