धनेशाची अकरा उंबरं

एका जंगलात, मुलांनो, वाघ सुट्टीवर गेला होता. त्यामुळे तिथे कुणी कुणाला खात नव्हतं. सगळे एकमेकांना फक्त कामं सांगत होते.

त्या जंगलात दिगंबर नावाचा एक धनेश राहत होता. धनेश म्हणजे भल्या मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. सगळे त्याला दिगूभाऊ म्हणत. दिगूभाऊला कुणीही काहीही विचारलं, की तो 'हो' म्हणे. प्रश्न पुरता ऐकण्याआधीच म्हणे. ऐकून घेऊन मग म्हणणं त्याला जरा उद्धटपणाचं वाटे.

आता धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली, की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. मग नराने रोज फळं आणायची आणि त्या फटीतून सगळ्यांना भरवायची. पिशवी नाही, डबा नाही. फळं गळ्यात साठवून आणायची.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. गळ्यात फळं असताना बोलायचं नसतं.

दिगूभाऊची बायको सुमती ढोलीत होती. दोन पिल्लं चार दिवसांपूर्वीच अंड्यातून बाहेर आली होती. त्या सकाळी दिगूभाऊ अकरा उंबरं गळ्यात भरून घरी निघाला.

वाटेत वानर भेटला.

"दिगूभाऊ, जंगल सुशोभन समितीत तुमचं नाव घालू ना?"

"हो!" दिगूभाऊ म्हणाला. टपकन एक उंबर खाली पडलं.

"अध्यक्ष म्हणूनच घालतो."

"हो, हो!" आणखी दोन पडली. वानराने तिन्ही उंबरं उचलून खाल्ली. समितीचं ते पहिलं कामकाज.

पुढे खार भेटली. "दिगूकाका, संध्याकाळी आमच्या चिंगीचा नाच आहे. प्रमुख पाहुणे म्हणून याल?"

"हो!"

"दोन शब्द बोलाल?"

"दोन कशाला, चार बोलेन!" या वाक्यात शब्द चार होते. उंबरंही चारच पडली.

मग रानडुक्कर आडवं आलं. त्याचा पहिला कवितासंग्रह निघायचा होता. "प्रस्तावना लिहाल?"

"हो!"

"मग आधी सगळा वाचून दाखवू?"

दिगूभाऊ क्षणभर थांबला. असं थांबायची त्याची ही पहिलीच वेळ. मग तो म्हणाला, "हो."

संग्रह चिखलाविषयी होता. तो दुपार कलेपर्यंत चालला.

घरी पोहोचून दिगूभाऊने उरलेलं एकुलतं उंबर फटीतून आत सरकवलं.

"बाकीची?" सुमतीने विचारलं.

"एवढंच आहे. वाटेत लोक भेटले गं."

"काल दोन आणलीत. परवाही दोनच. अहो, धाकटं सकाळपासून चोच उघडत नाहीये. ओरडतसुद्धा नाही."

दिगूभाऊने फटीला डोळा लावला. थोरलं तोंड वासून बसलं होतं. धाकट्याची मान एका बाजूला कलली होती.

"उद्यापासून मी सगळ्यांना नाही म्हणेन," तो म्हणाला.

"आत्ता म्हणून दाखवा."

दिगूभाऊने चोच उघडली. "ना..." पुढे आवाजच फुटेना. तेवढ्यात झाडाखालून साळिंदर ओरडलं, "दिगूभाऊ, जरा येता का?"

"हो, आलोच!"

ढोलीतून खडखड आवाज यायला लागला. सुमती चोचीने भिंत फोडत होती.

ती बाहेर आली. पंख झटकले. "अहो, मुलांजवळ जरा आत बसता का, मी—"

"हो!" दिगूभाऊ म्हणाला आणि आत शिरला.

सुमतीने ओला चिखल आणला आणि ढोलीचं तोंड लिंपायला घेतलं.

"अगं, हे काय?"

"तुम्ही हो म्हणालात."

मग ती उंबराच्या झाडाकडे गेली. परतताना तिच्या गळ्यात बारा उंबरं होती. वाटेत वानर म्हणाला, "वहिनी, समितीची महिला शाखा काढतोय." सुमतीने चोच उघडली नाही. खारीने नाचाचं आमंत्रण दिलं. सुमतीने चोच उघडली नाही. वानर म्हणाला, शिष्ट आहे. खार म्हणाली, फारच. रानडुकराने तिच्यावर एक कडवी कविता केली.

बाराच्या बारा उंबरं घरी पोहोचली. दिगूभाऊने गर कुस्करून धाकट्याच्या चोचीत घातला. पहिले दोन घास ओघळून गेले. तिसरा पोटात गेला. चौथ्याला धाकटं असं किंचाळलं, की दिगूभाऊच्या कानठळ्या बसल्या. त्याला इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं.

जंगलातले लोक आता झाडाखाली येऊ लागले.

"दिगूभाऊ, बैठकीला याल?"

"हो!" फटीतून उत्तर येई. लोक खूश होऊन परत जात.

दिगूभाऊ अर्थातच जात नसे. भिंत पक्की होती. गंमत म्हणजे तो आला नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नसे. बैठका होत होत्या. चिंगी नाचत होती. त्यांना होकार हवा होता. दिगूभाऊ असलाच पाहिजे असं काही नव्हतं. त्याची कीर्ती मात्र वाढतच गेली. शेवटी समितीने त्याला 'सदातत्पर' हा किताब दिला. सोहळ्याला येतो म्हणाला होता, आला नाही. सगळे म्हणाले, किती कामात असतो बिचारा!

पिल्लांना पंख फुटले. एके दिवशी सुमतीने भिंत फोडली. दोन्ही पिल्लं भुर्रकन उडाली. धाकटं जरा पुढेच होतं.

"या आता बाहेर," सुमती म्हणाली.

दिगूभाऊने डोकं बाहेर काढलं. झाडाखाली रांग लागली होती. सर्वांत पुढे रानडुक्कर होतं, आणि त्याच्या पुढ्यात दुसरा संग्रह. पहिल्याच्या दुप्पट जाड.

दिगूभाऊने डोकं हळूच आत घेतलं.

"सुमती," तो कुजबुजला, "पुन्हा लिंपतेस का गं?"

"थांबा," सुमती म्हणाली, "विचार करून सांगते."

तात्पर्य : मुलांनो, 'नाही' म्हणायला शिका, असं तुम्हाला पुष्कळ लोक सांगतील. उगाच कष्ट घेऊ नका. सगळ्यांना बेलाशक 'हो' म्हणा. फक्त बाहेरून कुणाकडून तरी ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं असावं.