अक्रोड की काळी

आमच्याकडे कुणी पाहुणे आले की चपला काढतात, 'पाणी नको' म्हणतात आणि मग ग्लासभर पाणी पितात. शेजारचे दिवेकरकाका आले की आधी आमच्या दाराची कडी चालवतात. कडीची मूठ वर उचलायची, कडी मागं ओढायची, पुढं ढकलायची, मूठ खाली पाडायची. असं चारदा. मग कान दाराशी नेऊन, "मागं येताना खरखर वाढलीय गं मेधा, तेल घाल," असं बजावून ते सोफ्यावर बसतात. आमची स्वरा पुस्तकातून मान वर न काढता म्हणते, "आई, आजोबा प्लेइंग विथ द डोअर अगेन, लाह."

आता सिंगापूरच्या बिशानमधल्या एचडीबी, म्हणजे सरकारी, फ्लॅटच्या दाराला आतून पितळी कडी असायचं खरं तर काहीच कारण नाही. पण आमच्या सासूबाईंना कडी लावल्याशिवाय झोप येत नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चकल्या, मेतकूट आणि बोहरी आळीतून घेतलेली ही कडी अशी बॅग भरून आणली होती. आख्ख्या ब्लॉकमध्ये अशी कडी एकच. काका माझ्या हातच्या पोह्यांसाठी येतात असा माझा बरेच दिवस समज होता. कप्पाळ माझं! ते कडीसाठी यायचे.

कारण काका रायफल निवडत होते. शिकारीची, बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हातानं कडी मागंपुढं करावी लागते तसली. आणि तीही सिंगापुरात, जिथं लहान मुलाला खेळण्यातलं पिस्तूल घेताना माणूस चार वेळा विचार करतो. शिवाय हा गृहस्थ वय वर्षं एकाहत्तर, वाढदिवसाच्या केकलाही 'अंडं आहे का गं?' म्हणून हुंगून बघणारा. मी विचारलं, "काका, तुम्हाला मुंगी मारवत नाही, तुम्ही रायफल कसली निवडताय?" तर म्हणाले, "कुणाला मारायचं ते ज्याचं तो बघेल. मी फक्त कडी बघतो."

बंदुकीशी काकांचा संबंध उभ्या आयुष्यात एकदाच आला. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला प्रत्येकाला पाच गोळ्या मिळाल्या होत्या. नंतर बघतात तर काकांच्या फळीवर एकही भोक नाही आणि शेजारच्या मुलाच्या फळीवर दहा. बक्षीस त्या मुलाला मिळालं. "नेम उत्तम होता माझा," काका आजही सांगतात, "फक्त फळी चुकली."

रायफल हवी होती ती काकांच्या मुलाला, निखिलला. निखिल तांजोंग पगारला, माझ्या ऑफिसपासून दोन इमारती सोडून, छान काचेच्या केबिनमध्ये बसायचा. एक दिवस ते सगळं सोडून तो न्यूझीलंडला गेला, मेंढ्यांच्या फार्मवर कामाला. काका म्हणाले, "मेंढरं वळायला शिकवलं का तुला एवढं?" तो म्हणाला, "हो." झालं! एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद. बापापेक्षा पोरगा हट्टी आणि पोरापेक्षा बाप. काकू होत्या तोवर त्या फोनवर इकडचं तिकडं सांगत राहायच्या. मग काकूच गेल्या. निखिल आला, तेरा दिवस राहिला, आणि त्या तेरा दिवसांत बापलेक जे बोलले ते 'फ्लाइट किती वाजताय' आणि 'टॅक्सी बोलावू का' एवढंच. डबा घेऊन मीच जात होते, म्हणून ठाऊक. निघताना तो वाकून पाया पडला, तर काका म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा मला असा राग आला होता, की पुढचे दोन दिवस मी त्यांना आमटी जरा तिखटच पाठवली.

त्यानंतर सहा महिन्यांनी एका रविवारी काका फोन हातात घेऊन आमच्या दारात उभे. स्क्रीनवर निखिलचा मेसेज होता. 'बाबा, फार्मवर रानबकऱ्या आणि हरणं फार झालीत. लायसन्स मिळालंय. या दोन रायफली बघितल्यात. कुठली घेऊ?' खाली दोन फोटो.

वास्तविक निखिलनं इथं दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी, केलेली. रायफल उशाशी घेऊन रानात झोपलेला मुलगा तो. त्यानं सल्ला विचारावा तर कुणाला, ज्यांची फळी चुकली त्यांना! हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण काकांचा चेहरा बघितला. "त्यानं मला विचारलंय," ते म्हणाले. असं तीनदा म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला निखिलचा व्हिडिओ कॉल यायचा आणि विषय एकच असायचा. दोन्ही रायफली एकाच मापाच्या गोळीच्या, नळीची लांबी सारखी, नेमही दोघींचा तेवढाच. एकीला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, दुसरीला काळा प्लास्टिकचा. म्हणून एक अक्रोड आणि एक काळी. अक्रोडची कडी नव्वद अंश उचलावी लागते, काळीची साठच. अक्रोड तीनशे ग्रॅम जड. काळीला गंज चढत नाही. "दोन्ही स्थळं चांगली आहेत," काका म्हणायचे, "तिथंच तर घोडं अडतं. एक स्थळ वाईट असतं तर एव्हाना अक्षता पडल्या असत्या."

काकांनी तीस वर्षं इथल्या एका जहाजाच्या कारखान्यात मालाची तपासणी करण्यात काढली. तो किडा निवृत्तीनंतरही वळवळतोच. आमच्याकडे पुऱ्या केल्या तर त्यातल्या दोन 'गोल नाहीत' म्हणून ते बाजूला काढतात आणि मग त्याच आधी खातात. कसली घाई म्हणून नाहीच. त्यांचं ठरलेलं वाक्य, "लोखंड कुठं पळून जात नाही." बस चुकली तरी हेच, कुकरची चौथी शिट्टी झाली तरी हेच.

तीनशे ग्रॅमचा फरक खांद्याला जाणवतो का, हे बघायला त्यांनी एका लांब पिशवीत तूरडाळीची पाकिटं भरली आणि बिशानच्या पार्कात फेऱ्या सुरू केल्या. एक दिवस डाळ जास्त, एक दिवस कमी. घरी येऊन नाडी मोजायची, तक्त्यात लिहायची. आठवडाभरानं पाकीट फुटलं आणि सबंध पायवाटेवर डाळ सांडली. कबुतरं जमली. इथं कबुतरांना खायला घालायची सक्त मनाई! काका गुडघे टेकून एकेक दाणा वेचताहेत आणि "शू, शू" करताहेत, हे मी स्वतः बघितलंय. मदतही केली, पण हसून हसून माझ्याकडून मूठभरसुद्धा वेचून झाली नाही.

पाण्याचा प्रयोग तर विचारूच नका. फुटक्या ट्रेचा अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा एका वाटीत आणि तव्याची काळी मूठ दुसऱ्या वाटीत, अशा पाण्यानं भरलेल्या दोन वाट्या काकांनी कॉरिडॉरमध्ये तुळशीशेजारी ठेवल्या. कुठली किती फुगते ते बघायला. डेंग्यूच्या भीतीनं इथं झाडाच्या ताटलीत चमचाभर पाणी साचलं तरी घरी तपासणी येते. ती आली. हातात टॉर्च घेतलेली एक तरुण मुलगी वाट्यांवर वाकून म्हणाली, "अंकल, धिस वन कॅन्नॉट. मॉस्किटो विल कम."

काका म्हणाले, "नो, नो. धिस इज फॉर रायफल."

मी तेवढ्यात लिफ्टमधून बाहेर पडत होते.

"व्हॉट रायफल, अंकल?"

"वन वॉलनट, वन ब्लॅक. आय अ‍ॅम सिलेक्टिंग."

मी धावत जाऊन म्हटलं, "ही इज रिटायर्ड." का म्हटलं कोण जाणे, पण त्या घटकेला त्यात सगळं आलं असं मला वाटलं. मग काकांनी आतून तक्ता आणला. त्रेचाळीस मुद्दे, दोन रकाने, मुलगा न्यूझीलंडला, लायसन्स त्याचं, सगळं त्या मुलीला समजावून सांगितलं. तिनं तो तक्ता खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "माय फादर बाइंग एअर-कॉन ऑल्सो लाइक धिस." मग शांतपणे दोन्ही वाट्या उपड्या केल्या, ताकीद दिली आणि गेली. काका आठवडाभर हळहळत होते, आठव्या दिवसाचं माप हुकलं म्हणून.

अशी दोन वर्षं गेली. मार्च-एप्रिल हा तिकडचा हरणांच्या शिकारीचा मोसम. पहिला गेला, दुसरा आला. मला आता खरंच धास्ती वाटायला लागली होती. तरुण पोरगा आहे, किती दिवस ऐकून घेईल? एखाद्या रविवारी कंटाळेल आणि फोन करायचाच थांबेल. मग हा माणूस काय करील? मी म्हटलंही, "काका, हे उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे. छापा-काटा करा आणि एक नाव सांगून मोकळे व्हा." तर मलाच म्हणाले, "तुला गंजाचा मुद्दा अजून नीट समजलेला नाही."

गेल्या महिन्यात काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट झालं, हे कळवायला मी निखिलला मेसेज केला आणि खाली लिहिलं, 'आता तूच एक रायफल घेऊन टाक बाबा. ते काही ठरवत नाहीत.' मी एमआरटी स्टेशनाकडे चालले होते, तर त्याचा फोनच आला.

"मेधाताई, घेतलीय. दीड वर्ष झालं. काळी."

मी फुटपाथवरच थांबले. "मग दर रविवारी हे काय रे चालवलंयस?"

"ठरलं असं सांगितलं, तर पुढच्या रविवारी काय बोलणार?" तो म्हणाला. "पूर्वी आई फोन पुढं करायची, 'घे, बाबांशी बोल' म्हणून. आता कोण करणार? बाबांना सांगू नको हां, प्लीज."

मी कसली सांगतेय! पण पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे मला पोटशूळच. संध्याकाळी काकांच्या डोळ्यात थेंब घालायला गेले तेव्हा मी एक अक्षर बोलले नाही. तेच फार झालं बहुतेक. एरवी मी इतकी गप्प नसते.

"निखिलनं तुला सांगितलं वाटतं," काका वर छताकडे बघत म्हणाले.

"काय?"

"काळी घेतलीय ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गेल्या जुलैत बोलता बोलता म्हणाला, पहाटे गारठ्यात काळीची कडी जरा आखडते. हे काय कॅटलॉगात असतं? हातात असल्याशिवाय कळत नाही ते. तीस वर्षं तपासणीत घालवली मी, मेधा."

"मग तुम्ही त्याला विचारलं का नाहीत?"

त्यांनी दुसरा थेंब पडू दिला. मग डोळे मिटून म्हणाले, "विचारलं की तो हो म्हणणार. हो म्हणाला की फाइल बंद."

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू? डोळे त्यांचे मिटलेले होते म्हणून बरं. दोघांनी मिळून दीड वर्षं एक रायफल विकत न घेता ठेवली होती आणि मी मधल्या मध्ये छापा-काटा करायला सांगत होते.

परवाच्या रविवारी पावणेअकराला काका आले आणि तडक सोफ्यावर बसले. काहीतरी बिनसलेलं दिसत होतं.

"कॉल झाला नाही का?" मी विचारलं.

"झाला. पण त्यानं आज मध्येच भलतंच विचारलं."

"काय?"

"म्हणाला, बाबा, डोळा दुखतो का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, काळीचं मॅगझिन काढताना अडकतं का ते बघायला हवं." काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "मग तो म्हणाला, बरं. आणि ठेवला फोन."

मला हसावं की त्यांना धरून हलवावं कळेना. "अहो काका!"

"मला सुचलंच नाही गं. ती होती तेव्हा हे असलं सगळं तीच बोलायची. असं विचारल्यावर काय म्हणायचं असतं?"

"दुखत असेल तर दुखतो म्हणायचं. नसेल तर नाही."

"दुखतो," ते म्हणाले. "रात्री जास्त. आणि ते थेंब एकट्यानं घालायला गेलो की अर्धे गालावर जातात."

"हेच सांगा त्याला."

"पुढच्या रविवारी सांगतो."

"आत्ता सांगा."

"आत्ता तो मेंढ्यांत असेल."

"मेंढ्या थांबतील काका," मी म्हटलं आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले. स्वरालाही हाताला धरून आत नेलं. पाणी उकळलं, मी आलं किसलं, साखर घातली. मग पलीकडून फोन उचलला गेला असावा, कारण काकांचा आवाज आला. 'हॅलो' नाही, 'कसा आहेस' नाही.

"निखिल," ते म्हणाले, "दुखतो रे."