जाड पडदा

सोमवारी विनी मावशी आणि क्लिफर्ड यांना शेजारशेजारच्या खुर्च्या देऊन ऑर्ला सिस्टर स्वतःवर भलतीच खूश झाली. दोघंही वाळवंटातल्या एकाच आदिवासी वस्तीचे, दोघांनाही किमो. चार गप्पा होतील, तेवढीच सोबत. आयर्लंडहून इथे येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि माणसाला माणूस लागतं यावर तिची गाढ श्रद्धा होती.

एकच गोष्ट तिला ठाऊक नव्हती. विनी मावशी ही क्लिफर्डची सासू. सख्खी नव्हे, गोताच्या हिशेबाने. पण सासू ती सासूच. आणि सासू-जावयांनी एकमेकांकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही. एका खोलीत बसणं तर दूरच. यात भांडण नाही, मान आहे. वस्तीतलं शेंबडं पोरही हे जाणतं, म्हणून तर ऑर्लाला कुणी सांगितलं नव्हतं. विस्तवात हात घालू नये, हे का कुणी सांगत बसतं?

क्लिफर्ड आधी आला, त्याचं सलाईन सुरू झालं. मग मावशीची गाडी आली. दोन डोस झाल्यावर ‘आता पुरे, मला घरी मरू द्या’ म्हणून मावशी हटून बसली होती. तिला तिसऱ्यासाठी उठवताना नोलीनच्या नाकी नऊ आले होते. नोलीन ही दवाखान्यातली आरोग्यसेविका, मावशीच्याच भाचरांपैकी. ती गाडी लावायला गेली आणि मावशी एकटीच दारात आली.

दारातच ती थबकली. अंगावरचं ब्लँकेट तिने डोक्यावरून ओढलं, उलट्या पावली बाहेर पडली आणि अंगणातल्या झाडाखाली दवाखान्याकडे पाठ करून बसली.

“घाबरल्या वाटतं!” ऑर्ला कळवळली. “क्लिफर्ड, तुमच्याच वस्तीच्या ना त्या? खिडकीतून जरा हाक मारा की. तुमचं ऐकतील.”

क्लिफर्डने मान खाली घातली ती वर केलीच नाही. “मी? नको, सिस्टर.”

“अहो, नुसतं नाव घेतलंत तरी पुरे.”

“नाव?” रानघोडे वठणीवर आणणारा तो सहा फुटी गडी पांढराफटक पडला. “सिस्टर, मी... मी जरा जाऊन येतो.”

सलाईनचा स्टँड ढकलत तो जो गेला, तो गेलाच.

ऑर्लाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या दोघांचं वाजलंय! तिच्या गावी कुंपणावरून अबोला धरलेल्या दोन घरांना तिच्या आईने चहावर बोलावून एक केलं होतं. ऑर्लाने दोन कप चहा केला, बशीत बिस्किटं मांडली आणि अंगण गाठलं.

“मावशी, झालं गेलं विसरा. माणूस वाईट नाही हो तो.”

“वाईट कोण म्हणतंय?” ब्लँकेटमधून आवाज आला.

“मग बोला ना त्याच्याशी! थांबा, इथेच घेऊन येते त्याला.”

“अगं बाई!” म्हणत मावशी उठली आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली.

क्लिफर्ड सापडला चादरींच्या खोलीत, स्टँडसकट.

“गेल्या का?” त्याने आतून विचारलं.

“नाही, चहाला थांबल्यात तुमच्यासाठी.”

आतून कडी लागली.

एवढ्यात नोलीन आली. “ऑर्ला, मावशी टाकीमागे काय करतेय गं?”

“आणि क्लिफर्ड चादरींत बसलाय!” ऑर्ला रडकुंडीला आली.

“क्लिफर्ड? तो गुरुवारचा ना?”

“मीच वार बदलला. म्हटलं, तेवढीच सोबत...”

नोलीन मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिने सगळं सांगितलं. ऑर्ला कानापर्यंत लाल झाली.

“म्हणजे मी सासू-जावयांना समोरासमोर चहाला बसवत होते?”

“बिस्किटांसकट!”

“मला सांगायचं नाहीस का?”

“तुला ठाऊक नसेल असं डोक्यातच आलं नाही गं. चुकलंच माझं. बरं, त्याला पाठवू परत.”

“मुळीच नाही,” ऑर्ला आता सिस्टर झाली. “त्याचं अर्धं औषध अंगात गेलंय. मावशींचं तयार आहे, ते उद्यापर्यंत टिकायचं नाही. आणि आज मावशी परत गेल्या, तर पुन्हा येतील?”

नोलीनचं हसू मावळलं. “नाही येणार.”

“आणि मला दोघंही नजरेसमोर हवीत.”

“तुझ्या नजरेसमोर ना? एकमेकांच्या नको. बस्स, मग!”

ऑर्ला शिडीवर चढली, नोलीनने दोरी धरली. मधोमध चादर टांगली, खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. जावई मागच्या दाराने आला, सासू पुढच्या. दोघींनी चौकातल्या पोलिसासारखे हात करून वाहतूक सांभाळली.

मावशीचं सलाईन लागलं. मग मावशी छताकडे पाहत म्हणाली, “नोलीन, कुणीतरी आजारी आहे, ते मला कुणी सांगितलं नाही.”

पडद्यापलीकडे खोकला झाला. “नोलीन, म्हणावं, आधीच स्वतःचं दुखणं आहे, त्यात आणखी काळजी कशाला.”

“मग माझ्या दारात दर आठवड्याला खायला कांगारूचं शेपूट कोण पाठवत होतं? मला वाटायचं, चला, हा तरी धडधाकट आहे.”

“म्हणावं, ते पाठवायचं म्हणून तर सकाळी उठावंसं वाटायचं.”

हातभर अंतरावरचे निरोप नोलीन इमानाने इकडून तिकडे पोचवत होती. ऑर्ला पाठ फिरवून, कोरड्याच असलेल्या बश्या पुसत राहिली.

दुपारी क्लिफर्ड मागच्या दाराने गेल्यावर ती मावशीपाशी आली. “चुकलं माझं, मावशी. यापुढे त्यांना गुरुवार, तुम्हाला सोमवार. पुन्हा असा घोळ व्हायचा नाही.”

“गुरुवार?” मावशी कडाडली. “आणि थेंबन्‌थेंब संपवतो की मधेच पळतो, हे कोण बघणार? सोमवारच ठेव त्याला. मी येतेय दर खेपेला.”

“पण मावशी, बघायचं तर नसतं ना?”

“कान आहेत मला. पडदा तेवढा जाड लाव,” मावशी ब्लँकेट सावरत म्हणाली. “या चादरीतून सावली दिसते. सावलीसुद्धा वाळलीय गं पोराची.”