खाजगी वारा

शिंपीमास्तरांच्या दुकानात एक पंखा होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिलाईची दोन मशीनं, कापायचं टेबल आणि खिडकीशी आईची खाट. पंखा छताच्या मधोमध. वारा देताना गिऱ्हाईक कोण, मशीन कोणतं, म्हातारी कुठली, असा भेदभाव त्याला कधी जमला नाही. त्याचा हा अडाणीपणा मास्तरांना भोवला.

त्या वर्षी मास्तरांनी त्या खोलीचं विजेचं बिल धंद्याचा खर्च म्हणून दाखवलं. खोलीचा मीटर वेगळा होता, लबाडी काहीच नव्हती. म्हणूनच पंधरा दिवसांत करखात्याचे साहेब दारात हजर झाले. मास्तरांच्या गळ्यात टेप, साहेबांच्या हातात टेप. मास्तरांना वाटलं, विजार शिवायची असेल. साहेबांनी खोली मोजली, पात्यांचा घेर मोजला आणि शेवटी खाट मोजली.

"यांच्या अंगावर वारा किती पडतो?"

"वारा काय मोजून पडतो, साहेब?"

"तुम्ही मोजत नाही, म्हणून आम्हाला यावं लागतं. धंद्याचा वारा उत्पन्नातून वजा होतो. आईच्या अंगावरचा वारा खाजगी. भेसळ सापडली की सगळं बिल नामंजूर."

आईनं चष्म्यावरून पाहिलं. मांडीवर गिऱ्हाइकाचा सदरा होता, सुई काजात. "बाबा रे, बत्तीस वर्षं काजं करतेय मी इथं. वारा काय फुकट खाते?"

साहेबांनी पेन काढलं. "म्हणजे या कामगार?"

"आई आहे साहेब माझी."

"दोन्ही एकदम चालणार नाही, रकाना एकच आहे. पगार किती देता?"

"आईला कसला पगार?"

"मग त्या काम करत नाहीत." साहेबांनी सदरा उजेडात धरून निरखला. "हे काज कागदोपत्री अजून झालेलंच नाही."

साहेब गेल्यावर मास्तरांची बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? घ्या आईंना नोकरीवर. लोक कुत्र्याला पहारेकरी दाखवून त्याच्या बिस्किटांची वजावट घेतात."

सोमवारी मास्तरांनी करखात्याला कळवून आईला नेमणूकपत्र दिलं. तिनं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. गुरुवारी कार्यालयाचं उत्तर आलं: 'सदर कर्मचारी वय वर्षे शहात्तर. निवृत्तीचे वय उलटले असल्याने त्यांना तात्काळ निवृत्त करून कामाच्या जागेवरून हलवावे.'

"चार दिवसांची नोकरी!" आई म्हणाली. "आणि निरोपाचा चहासुद्धा नाही. कसला रे मालक तू!"

मास्तर हसले. हसत हसतच त्यांनी खाटेचा एक पाय धरला, बायकोनं दुसरा. खाट दाराबाहेरच्या बोळात गेली, चपलांच्या फळीशेजारी. "चारच दिवस, आई. कागद झाले की परत आत."

बोळात पंखा नव्हता. उजेडही नव्हता. काजं थांबली. मग सदरे काजाच्या मशीनवाल्याकडे जाऊ लागले. तो दर काजामागे पैसे घ्यायचा, पण छापील पावती द्यायचा. विजेच्या वजावटीत जेवढं वाचणार होतं, त्याच्या नऊपट काजांवर गेलं. साहेब मात्र पावत्यांचा गठ्ठा पाहून खूश झाले. "आता शोभतो धंदा! खर्च दिसायला लागला. बत्तीस वर्षं नुसती चोरी चालली होती."

"कुणाची, साहेब?"

"ते नंतर ठरवू."

फाइल मंजूर झाली. पंख्याचा वारा शंभर टक्के शुद्ध, धंदेवाईक वारा ठरला. त्याच आनंदात साहेबांनी दोन विजारी शिवायला टाकल्या, पैशांचा विषय न काढता. मास्तर त्या पोचवायला साहेबांच्या घरी गेले.

दार साहेबांनीच उघडलं. दिवाणखान्यात मोठा पंखा गरगरत होता, खाली रिकामा सोफा. आणि दाराशी, चपलांच्या कपाटाला लागून, एका स्टुलावर एक म्हातारी पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती.

"कोण या?"

"आई माझी."

मास्तरांनी पंख्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. "याची वजावट किती मिळते, साहेब?"

"कसली वजावट?" साहेब चकित झाले. "घर आहे हे. इथं कुठला आलाय कायदा?"

मास्तर तरातरा घरी आले. आज खाट आत घ्यायचीच, मग बिल खड्ड्यात जाऊ दे! खाटेचा पाय धरून ते वाकले. आई कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "राहू दे रे. इथं जाणारी-येणारी माणसं तरी दिसतात. तुझं काम कशाला खोळंबवतोस?"

तिला काय हवं होतं, ते मास्तरांना कळलं. त्यांना काय हवं होतं, ते तिला आधीच कळलं होतं. मास्तरांनी खाटेचा पाय हळूच सोडला आणि ते आत जाऊन पंख्याखाली बसले. बरं वाटलं. उशीखालचं नेमणूकपत्र उलगडून म्हातारी वारा घेऊ लागली. त्या वाऱ्यात कसलीही भेसळ नव्हती.

तुम्हीही हे पंख्याखाली बसूनच वाचत असाल. बसा. तुमच्या घरी टेप घेऊन कुणी येणार नाही.